रुग्णाच्या रात्रीची चौकशी

कॅन्सरच्या ओपीडीत उलट्यांची चौकशी होते, तापाची होते, तोंड आलं का, शौचाला साफ होतं का, वजन किती उतरलं, सगळं विचारलं जातं. झोप लागते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. रुग्णही आपणहून सांगत नाही. एवढं मोठं दुखणं असताना झोपेचं काय घेऊन बसायचं, असं त्याला वाटतं. घरचे म्हणतात, काळजीनं झोप उडणारच. माझा आक्षेप या समजुतीलाच आहे.

काळजी असतेच. पण जागरणाचं कारण पुष्कळदा गोळ्यांच्या पाकिटात असतं. केमोच्या उलट्या थांबवायला आणि ॲलर्जी टाळायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. पॅक्लिटॅक्सेलच्या जुन्या पद्धतीत त्याचा एक डोस आदल्या रात्रीच घ्यावा लागे. या औषधानं डोकं लख्ख जागं राहतं. रात्री दोन वाजता कपाट आवरावंसं वाटतं. रुग्णाला वाटतं, आपण खचलोय, आपलं मन कमकुवत आहे. दिवसातून दोनदा गोळी असेल, तर दुसरी संध्याकाळऐवजी दुपारी घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारलं तरी कित्येकांच्या रात्री सुधारतात. मात्र ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला मध्यरात्री अंगातून वाफा निघून घामानं जाग येते, सिसप्लॅटिनसोबत चढवलेल्या सलाइनमुळे लघवीला चार वेळा उठावं लागतं. वेदनेची गोष्ट तर उघडच आहे. मॉर्फिनची साधी गोळी चार तासच काम करते. म्हणून जाणते डॉक्टर झोपतानाची मात्रा वाढवून देतात, म्हणजे दुखण्यानं पहाटे जाग येत नाही. दुखतंय म्हणून जागणाऱ्याला नुसती झोपेची गोळी देणं हा उपचार नव्हे.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, कारण ते मायेतून येतं. ‘पडून राहा, काही करू नकोस.’ आई म्हणते, सून म्हणते, भेटायला आलेले शेजारीही म्हणतात. केमोनंतर अंगात त्राण नसतं, म्हणून रुग्णही पडून राहतो. दिवसभर पडदे ओढलेले, हातात मोबाइल, अधूनमधून डुलकी. रात्री शरीराला झोपेची भूकच उरत नाही, आणि पलंग म्हणजे जागं राहण्याची जागा होऊन बसते. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञानं 1972 मध्येच यावर उपाय सांगितला: झोप आली तरच अंथरुणावर जायचं, बराच वेळ लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. पुढे त्यावर उभ्या राहिलेल्या वर्तनोपचाराला अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेनं 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपचार ठरवलं, गोळीच्या आधी. कॅन्सरच्या रुग्णांनाही त्याचा गुण येतो. अंगात ताप असताना किंवा अगदी गळून गेल्यावर हट्टानं जागू नये, हे ओघानं आलंच. पण सकाळी उन्हात दहा मिनिटं चालणं आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणं बहुतेकांना जमतं. थकवाही त्यानं कमी होतो, हे घरच्यांना पटायला वेळ लागतो.

उठून दुसऱ्या खोलीत जा, हा सल्ला मात्र ज्याच्याकडे दुसरी खोली आहे त्याच्यासाठी आहे. टाटा हॉस्पिटलसाठी गावाहून आलेली माणसं दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहतात, ज्यांना जागा मिळत नाही ती परळच्या फुटपाथवर. तिथे भिंतीला टेकून उठून बसणं हीच दुसरी खोली. शेजारी चटईवर पडलेला नवरा किंवा मुलगाही जागाच असतो. आपण जागे आहोत हे कळू नये म्हणून दोघंही कूस बदलत नाहीत. त्यापेक्षा बोलावं. रात्री तीनला रिपोर्टबद्दल जे वाटतं ते सकाळी डॉक्टरांना विचारायच्या वहीत लिहून टाकावं.

केमिस्टकडून ओळखीवर आणलेली झोपेची गोळी मात्र नको. मॉर्फिनसोबत तिनं श्वास मंदावू शकतो. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारी चूर्णंही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

डॉक्टरांनी केसपेपरवर उलट्यांच्या खाली झोपेची एक ओळ घालावी. आणि तुमच्या घरात कुणावर उपचार चालू असतील, तर पुढच्या तपासणीला जाताना गेल्या आठवड्यात झोप किती वाजता लागली आणि किती वेळा मोडली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही सांगा.