दाण्यातला पतंग

सज्जनहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पतंग आहे. तो ज्योतीच्या रूपाला भुलून जळतो, हे आम्ही कीर्तनात वर्षानुवर्षे सांगत आलो. पण आमचे डोळे उघडले ते निराळ्याच पतंगाने. तो आमच्या कणगीत निघाला.

जीव केवढा? जोंधळ्याच्या दाण्याहून किंचित लांब, वाळल्या कडब्याच्या रंगाचा, पंखांना बारीक झालर. मादी दाण्यांवर पांढरी अंडी घालते, ती पुढे तांबूस होतात. पुष्कळदा ती शेतातूनच कणसाबरोबर घरात येतात. अळी दाण्यात शिरते ते छिद्र आपल्या नजरेला दिसत नाही. आतला गर खाऊन ती वाढते, कोशात जाण्यापूर्वी सालीपर्यंत वाट कोरते आणि दाराशी पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. पतंग तो ढकलून बाहेर पडतो. उष्ण दिवसांत हे सारे पाचेक आठवड्यांत आटोपते. बाहेर आल्यावर तो काही खात नाही. थोडे दिवस जगतो, वंश ठेवतो, मरतो. १७६०च्या सुमारास फ्रान्सातील आंगूम्वा प्रांतात त्याने एवढा नाश केला की तिकडे त्या प्रांताचेच नाव त्याला पडले.

आता आमची गोष्ट. चैत्रात शेजारची एक बाई चार पायल्या जोंधळे मागावयास आली. "बाई, ते दिंडीचे धान्य आहे," असे म्हणून आम्ही तिला रिकामी लावली. दिंडीला त्यातले निम्मेही लागत नव्हते. पुढे भाव चढला म्हणजे उरलेले विकू, हे आमच्या मनात होते.

ज्येष्ठ लागताच कणगी उघडली, तो पतंगच पतंग उडाले. वरचा थर दिसायला भरलेला. सुपात घेतला तर दाणे फोलासारखे उडू लागले. पतंगाला दोष काय द्यावा? दाणा हेच त्याचे घर आणि तेच अन्न. आमचा चैत्रातला शब्द मात्र तसाच होता, वरून अखंड आणि आत पोकळ.

खालचे चांगले धान्य कडक उन्हात वाळविले. चार पायल्या डोक्यावर घेऊन त्या माउलीच्या दारी गेलो. ती म्हणाली, "बुवा, तेव्हाची नड तेव्हाच भागली. दिंडीला न्या."

ते ओझे घेऊन परत फिरलो. सारे धान्य त्या वर्षी दिंडीला दिले. विकावयास काही ठेविले नाही.

सज्जनहो, धान्य नीट वाळवून भरा, मधूनमधून मूठभर पाण्यात टाकून पाहा. पोकळ दाणा तरंगतो. आणि दारी कोणी मागावयास आले, तर देवाचे नाव पुढे करण्याआधी आपले मनही असेच तपासा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!