दहापैकी किती गुण?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने अलास्कापर्यंतचा सात दिवसांचा जलप्रवास आटोपून आमचे जहाज व्हँकूव्हर बंदराकडे परतत होते. शेवटच्या रात्री केबिनमधील टेबलावर एक छापील कागद ठेवलेला आढळला. भोजन, निवास, सेवा, करमणूक, निसर्गदर्शन अशी त्यावर सदरे होती आणि प्रत्येक सदरापुढे एक ते दहा अंक. अखेरचा प्रश्न असा होता : आपल्या एकंदर अनुभवाला आपण दहापैकी किती गुण द्याल? पंचवीस वर्षे प्रायश्चित्त संस्काराच्या आसनावर बसून मी माणसांना आपापल्या आयुष्याचा हिशेब मांडताना ऐकत आलो आहे. स्वतःच्या एका आठवड्याचा हिशेब एका अंकात मांडणे मात्र मला जमेना. कागद कोरा ठेवून मी दिवा मालवला.

या प्रवासाला मी स्वखर्चाने गेलो नव्हतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. माझ्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याची भेट म्हणून कॅनडात स्थायिक झालेल्या बहिणीने व मेहुण्यांनी तिकीट काढले होते. मी आढेवेढे घेतले. साधेपणावर प्रवचने करणाऱ्या धर्मगुरूने पंचपक्वान्नांच्या तरंगत्या महालात पाऊल ठेवावे काय? बहीण एवढेच म्हणाली, “दादा, आयुष्यात एकदा तरी नुसता बसून राहा.”

तिच्या म्हणण्याला ख्रिस्तसभेच्या परंपरेत आधार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’मध्ये खेळ व विरंगुळा यांचा विचार सद्गुणांच्या ओघातच केला आहे. सदा ताणलेले धनुष्य मोडते, तसेच सदा ताणलेले मनही मोडते, हा दृष्टान्त ते संत योहानाच्या नावे चालत आलेल्या एका कथेतून देतात. म्हणजे विरंगुळा घ्यावा की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. घेतलेल्या विरंगुळ्याचे मोल कोणत्या तराजूत करावे, हा प्रश्न आहे. आणि सुट्टी लागली की कुटुंबासह सहलीला निघणाऱ्या आपणां सर्वांचा तो आहे.

प्रवासाच्या मध्यावर आमचे जहाज ग्लेशियर बे या उपसागरात शिरले. हे अमेरिकेचे राष्ट्रीय उद्यान असून तेथे एका दिवशी दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे रक्षक मुखाशीच जहाजावर चढतात आणि प्रवाशांना त्या जागेची कहाणी सांगतात. १७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील माणसे येथे आली, तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच. मुखापासून थोड्याच अंतरावर बर्फाची अजस्र भिंत उभी होती. १८७९ साली जॉन म्यूर हे निसर्गअभ्यासक पोहोचले तोवर बर्फ सुमारे ५० किलोमीटर मागे सरला होता; १९१६ पर्यंत हे अंतर १०० किलोमीटरच्या जवळ गेले.

ही सारी माघार माणसाच्या पापाच्या खात्यात मांडून मी मनातल्या मनात एक प्रवचनही तयार केले होते. परंतु तिचा फार मोठा भाग जगभर यंत्रांचा धूर पसरण्याच्या आधीच घडून गेला होता, हे लक्षात आले आणि मी थांबलो. उपदेशकाला निवाड्याची घाई असते. आज जगातील बहुतेक हिमनद्या ज्या वेगाने झिजत आहेत, त्याला माणसाने वाढवलेली उष्णता कारणीभूत आहे, हेही तितकेच खरे. आमच्या जहाजाच्या धुराड्यातून निघणारा धूर त्याच हिशेबात जमा होत होता. पण खरे बोलायचे तर दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

त्या बर्फाने माणसेही उठवली होती. हूना त्लिंगिट या आदिवासींची वस्ती त्या खोऱ्यात होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली आणि त्यांना आपली घरे सोडावी लागली. पुढे बर्फ हटला; परंतु १९२५ साली तो प्रदेश सरकारने संरक्षित केला आणि पूर्वजांच्या भूमीवर शिकार करणे, समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करणे हे त्यांचे परंपरागत व्यवहार नियमांच्या कचाट्यात सापडले. २०१६ साली उपसागराच्या काठी त्यांचे सामूहिक घर पुन्हा उभे राहिले. ज्या भूमीला मी निर्मनुष्य, अस्पर्श अशी विशेषणे लावीत होतो, ती कोणाची तरी वाडी होती.

मग मार्जेरी हिमनदीसमोर जहाज थांबले. सुमारे दीड किलोमीटर रुंदीची ती निळसर भिंत, तिच्यापुढे तरंगणारे बर्फाचे तुकडे आणि डेकवर शेकडो माणसे. अकस्मात एक कडा सुटून पाण्यात कोसळला. तो कोसळताना आधी दिसला. गडगडाट क्षणभर मागाहून आला. त्या मधल्या क्षणात कोणीच बोलले नाही. मीही प्रार्थनेचे शब्द शोधले नाहीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर आपल्या निर्मितीकडे पाहतो आणि ती चांगली आहे असे त्याला दिसते. पाहणाऱ्याने काहीही न मागता पाहणे, याचा अर्थ मला त्या क्षणी थोडासा उमगला.

त्या आधी आम्ही जूनो येथे उतरलो होतो. अलास्काच्या या राजधानीला बाहेरून एकही रस्ता जात नाही. माणसे येतात ती पाण्यावरून किंवा आकाशातून. सुमारे ३२ हजार वस्तीच्या या नगरीत २०२३ साली सोळा लाखांहून अधिक जहाजप्रवासी उतरले. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, असा करार नगरपालिकेने जहाज कंपन्यांशी केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शनिवारी मोठी जहाजे नकोतच, असा प्रस्ताव मतदानाला आला. आठवड्यातून एक दिवस शांतता मिळावी, एवढीच मागणी. नागरिकांनी तो फेटाळला, कारण अनेकांची चूल याच जहाजांवर पेटते. शब्बाथाचा प्रश्न किती अवघड आहे, हे त्या गावाने मला शिकवले. भूक आणि विश्रांती यांत ज्याला निवड करावी लागते, त्याला दोष देणे सोपे नाही.

आणि हा प्रश्न माझ्या केबिनमध्येच रोज दोनदा येऊन अंथरूण नीट करीत होता. उशाशी ठेवलेले मराठी बायबल पाहून केबिन साफ करणाऱ्या मुलाने दुसऱ्याच दिवशी विचारले, “फादर, तुम्ही वसईचे का?” तो आमच्या शेजारच्या धर्मग्रामातला निघाला. आपल्याकडे किती घरांतून हे वाक्य ऐकू येते : मुलगा शिपवर आहे! त्या वाक्यामागे नवे घर असते, बहिणीचे लग्न असते, बापाच्या औषधाचा खर्च असतो. या मुलाचे तसेच होते, आणि त्याला त्याचा अभिमान होता. २०१३ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार खलाशाला आठवड्यातून किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी ९१ तासांपर्यंत काम करवून घेणे नियमात बसते.

हिमनदीच्या संध्याकाळी मी त्याला उत्साहाने विचारले, “पाहिलेस की नाही?” तो हसला. “फादर, बर्फ पाहायला सगळे डेकवर जातात ना, तेव्हाच आम्हांला केबिन रिकाम्या मिळतात. चार महिने झाले, आवाज ऐकतो, पाहिला नाही अजून.” माझ्या चेहऱ्यावरचा भाव पाहून तोच पुढे म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका. फक्त शेवटच्या दिवशी त्या कागदावर नऊ लिहू नका. नऊ म्हणजे आमच्या साहेबांना कमी वाटतं.”

त्या रात्री साडेअकराला, परवानगी घेऊन, कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात मी मिस्सा अर्पण केली. गोव्याची, वसईची, फिलिपिन्सची पंधरा-वीस मुले कामाच्या कपड्यांतच आली होती. दोघांना प्रवचनात डुलकी लागली. मी प्रवचन आवरते घेतले. वरच्या मजल्यावरचे संगीत छतातून झिरपत होते. अनुवादात दिलेली शब्बाथाची आज्ञा मी किती वेळा शिकवली असेन! तीत दास-दासींनाही मालकासारखीच विश्रांती मिळावी, असे स्पष्ट सांगितले आहे. शिकवताना मी स्वतःला नेहमी ऐकणाऱ्यांच्या बाजूला धरीत असे. त्या रात्री प्रथमच मी मालकाच्या बाजूला उभा होतो.

अशा गुंत्यात संत इग्नेशियस लोयोला यांची एक साधी कसोटी मला आठवली. १५२१ साली लढाईत पाय जायबंदी होऊन ते अंथरुणाला खिळले होते. पराक्रमाची आणि प्रणयाची स्वप्ने रंगवताना त्यांना सुख होई, पण नंतर मन शुष्क राही. संतांच्या मार्गाने जाण्याचा विचार केला की आनंद होई आणि तो मागाहूनही टिके. सुख दोन्हींकडे होते. मागे काय उरते, यावरून त्यांनी भेद ओळखला. विवेकाचे सारे शास्त्र त्या निरीक्षणातून वाढले.

ही कसोटी लावून मी पाहिले. सात दिवसांच्या भोजनातील एकही पदार्थ आज आठवत नाही. रंगमंचावरचे कार्यक्रम विसरलो. हिमनदीसमोरचा तो निःशब्द क्षण मात्र उरला आहे. डुलक्या घेत प्रभुभोजनाला आलेली मुले उरली आहेत. आणि एक अस्वस्थताही उरली आहे. तिला मी वाईट फळ मानीत नाही. आपल्या आनंदाची किंमत कोणीतरी मोजली आहे, याची जाणीव राहणे ही आनंदाची विटंबना नव्हे. तिच्यामुळेच आनंदाचे रूपांतर कृतज्ञतेत होऊ शकते.

पहाटे उठून मी तो कागद भरला. सेवेच्या सदरात दहा गुण दिले. मागील कोऱ्या बाजूवर लिहिले की, केबिन साफ करणाऱ्यांना पाळीपाळीने अर्धा तास तरी डेकवर जाऊन हिमनदी पाहू द्यावी. एकंदर अनुभवाचा रकाना रिकामा सोडला. ते कोणी वाचले की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नाही.

गावी परतल्यावर त्या मुलाच्या आईला भेटायला गेलो. मेहुण्यांनी काढलेली तीनशे छायाचित्रे मी तिला कौतुकाने दाखवू लागलो. बर्फ, डोंगर, पाण्यातून उसळणारा देवमासा. माउली शांतपणे पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “फादर, यात माझा पोर कुठे आहे?”

तो एकाही छायाचित्रात नव्हता.

वाचकहो, सहलीला अवश्य जा. परमेश्वराची सृष्टी पाहण्यासाठीच आहे. परत आल्यावर कोणी विचारील, कशी झाली सहल? उत्तर देण्यापूर्वी त्या माउलीचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहा. माझ्यापुरते सांगायचे तर तो रकाना अजून रिकामाच आहे. त्या मुलाचा करार संपून तो घरी आला की त्याच्याबरोबर बसून तो भरावा, असा विचार आहे.