घोड्याचे कूळ, माणसाचे कूळ

जन्माने मिळालेल्या मोठेपणावर ज्यांचा भरवसा असतो, ते वादात हमखास घोड्याचा दाखला देतात. खाण तशी माती. शर्यतीच्या घोड्याचे आईबाप पारखून घेता, मग माणसाचे कूळ पाहिले तर बिघडले कुठे? वरवर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण घोड्यांच्या पैदाशीचा व्यवहार जवळून पाहिला, की हाच दाखला उलटी साक्ष देऊ लागतो.

थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा इंग्लंडात आणलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपर्यंत पोचते. 1791 पासून ‘जनरल स्टड बुक’मध्ये त्यांच्या वंशावळी नोंदल्या जात आहेत. कुळाची एवढी काटेकोर नोंद राजघराण्यांतही क्वचितच सापडेल. तरीही 1961 साली कॅनडात जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सर या ठेंगण्या शिंगराला वर्षभराचा असताना 25,000 डॉलर द्यायला कोणी तयार झाले नाही. 1964 मध्ये त्याने केंटकी डर्बी जिंकली आणि पुढे तो विसाव्या शतकातला पैदाशीचा सर्वांत प्रभावी घोडा ठरला. साहजिकच त्याच्या मुलांवर उड्या पडल्या. 1983 मध्ये केंटकीच्या लिलावात त्याचा एक वर्षाचा मुलगा स्नाफी डान्सर 1 कोटी 2 लाख डॉलरला विकला गेला. तो एकही शर्यत धावला नाही. पैदाशीसाठी ठेवला, तर तिथेही जवळजवळ निरुपयोगी निघाला. बापाला गिऱ्हाईक मिळाले नव्हते, मुलाला विक्रमी किंमत आली. आणि दोन्ही वेळा पारखी चुकले.

मग रक्ताला काहीच अर्थ नाही का? आहे. घोडा कमी अंतराला चमकेल की लांब पल्ल्याला, यावर स्नायूंच्या वाढीशी निगडित एका जनुकाचा मोठा प्रभाव असतो. पण एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतल्या तफावतीचा जेमतेम दहा टक्के वाटा आनुवंशिकतेकडे गेला. बाकीचा खुराक, सराव, प्रशिक्षक, जॉकी आणि नशीब यांचा. म्हणूनच जाणता पैदासकार वंशावळीला अंदाज मानतो, निकाल मानत नाही. दर पिढीला घोडा पुन्हा मैदानात उतरवला जातो, आणि आजोबांच्या नावावर कोणाला चषक मिळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: स्टड बुकात नाव नसलेल्या घोड्याला थरोब्रेडच्या शर्यतीत उतरताच येत नाही, म्हणजे कुंपण तिथेही आहेच. खरे आहे, आणि त्याची किंमतही मोजावी लागते, कारण बंद रक्तात जवळच्या नात्यातले संकर वाढत जातात. पण ते कुंपण फक्त स्पर्धक निवडते, विजेता नाही. जातीचे कुंपण स्पर्धेआधीच निकाल लावते. महाभारतात कर्ण अर्जुनाला आव्हान द्यायला रंगमंडपात उतरला, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे कूळ विचारले आणि द्वंद्व राहूनच गेले. कोण श्रेष्ठ हे ठरवण्याचे साधन समोर असताना प्रश्न मात्र जन्माचा विचारला गेला. जातीच्या समर्थनासाठी जीवशास्त्राचा आधार घेणाऱ्यांना डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये खोडून काढले होते.

शिवाय घोड्यापुढे एकच कसोटी असते, तीही दुसऱ्याने ठरवलेली: ठरलेले अंतर सर्वांत आधी कापायचे. माणसाच्या बाबतीत असा एक खांब रोवणार कोण? करुणा, बुद्धी, धैर्य, कारागिरी यांचे मोजमाप एका घड्याळात होत नाही, आणि आपण कशासाठी धावायचे हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे. तेव्हा पैदाशीचे शास्त्र उद्या शंभर टक्के अचूक झाले, तरी ते माणसाला लावता येणार नाही. आज तर ते अचूकही नाही. नुसते आडनाव ऐकून माणसाची लायकी ठरवणारा घोड्याच्या व्यापाऱ्याइतकाही चोखंदळ नाही. व्यापारी निदान घोडा पळवून तरी पाहतो.