नव्याण्णव कोटी आणि मटार

देवासच्या टेकडीवर चढताना मी भाच्याला भोजराजाची गोष्ट सांगत होतो. तो फोनवर बोटं चालवत 'हं, हं' करत होता. बडी माताचं दर्शन झालं, छोटी माताच्या वाटेला लागलो, तेव्हा विचारलं, "राजाकडे किती रत्नांचं येणं निघालं?" पठ्ठ्या गप्प. मग म्हणाला, "मामा, लक्ष होतं माझं. आत्ता आठवत नाहीये इतकंच."

हे 'लक्ष होतं' मला तेव्हापासून छळतंय. मराठीत लक्ष असतं आणि लक्ष देतात. असायला काही खर्च पडत नाही. उतू जाणाऱ्या दुधाकडेही घरात कुणाचं तरी लक्ष असतंच. दिलं, की मात्र दुसरीकडे द्यायला उरत नाही.

फोनने स्मरणशक्तीचं वाटोळं केलं, हे सगळ्यांनी सगळ्यांना फोनवरूनच कळवून झालंय. ते सोडू. भाच्याचा बचाव असा, की वस्तू घरातच आहे, फक्त सापडत नाही. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली नेमकं हेच तपासलं. शब्द लक्षात ठेवायला दिले आणि जोडीला पडद्यावरच्या खुणेबरहुकूम कळा दाबायचं लचांड लावलं. लक्षात ठेवताना लावलं, तेव्हा नंतर आठवलेले शब्द बरेच घटले. आठवताना लावलं, तेव्हा फारसे नाही. थोडक्यात, भाच्याची रत्नं हरवली नव्हती. घरात आलीच नव्हती.

"पण देवासने दोन गाद्या सांभाळल्याच ना?" तो म्हणाला. खरंय. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन कारभार, थेट १९४८ पर्यंत. "अरे, राजेही दोन होते," मी म्हटलं. "तुझ्याकडे एकच आहे."

मी सांगत होतो ती गोष्ट धारची. नव्या श्लोकाला लाख मोहरा, पण भोजाच्या दरबारात एकपाठी, द्विपाठी, त्रिपाठी पंडित बसलेले. कवीचा श्लोक एकपाठी लगेच म्हणून दाखवी, त्याचं ऐकून द्विपाठी, मग त्रिपाठी; श्लोक जुना ठरे आणि कवी हात हलवत परत. शेवटी कालिदासाने एकाला श्लोक रचून दिला, की राजाच्या वडिलांनी माझी नव्याण्णव कोटी रत्नं घेतली आहेत आणि हे पंडितांना ठाऊक आहे. ठाऊक म्हणावं तर कर्ज कबूल, नाही म्हणावं तर मोहरा मोजा. (कालिदास भोजाच्या कितीतरी शतकं आधीचा, पण गोष्टीत असलं कोण विचारतो?) मला कीव येते ती एकपाठ्याची. बिचाऱ्याला दरबारात डास मारायचीही सोय नसणार.

उतरताना मी कुमार गंधर्वांचा दाखला फेकला. क्षयामुळे याच देवासात अंथरुणाला खिळलेले, काही वर्षं गाणं बंद. कानावर येणारी माळव्यातली लोकगीतं ऐकली आणि त्या धुनांतून पुढे राग उभे केले.

"त्यांना दुसरं काम कुठं होतं, मामा?"

उद्धटपणाच. पण मी अडकलो वेगळ्याच ठिकाणी. ती गाणी म्हणणाऱ्या बायका कुठं रिकाम्या होत्या? दळताना, निवडताना ऐकलेलंच त्यांना येत होतं. आणि मी स्वतः? आजीकडून ही गोष्ट धारला ऐकली ती मटार सोलता सोलता. माझ्या हिशेबाने मला ती आठवायलाच नको. पण नव्याण्णव कोटी म्हटलं की आजही नखात हिरवा वास येतो.

शेंग काही विचारत नाही. दाबली की फुटते. कळ मात्र दर वेळी विचारते, कोणती? फोनही तेच करतो. तेव्हा हात गुंतण्याला माझी हरकत नाही. उलट शेंगा नसत्या तर मी आजीपुढे दोन मिनिटंही टिकलो नसतो. भाच्याला 'फोन ठेव आणि गप ऐक' म्हणण्यापेक्षा पायथ्याशी भुईमुगाच्या शेंगांचा पुडा घेऊन द्यायला हवा होता.

"मग राजाने शेवटी काय दिलं?" त्याने विचारलं. फोन खिशात होता.

मला सांगता येईना. आजी मध्येच म्हणाली होती, "दुधाकडे लक्ष असू दे रे." गोष्ट संपली तेव्हा मी चुलीपाशी फडकं शोधत होतो.