आधी थंड होऊ द्या, फादर



लग्नाच्या मांडवातली 'एस्प्रेसो कॉफी' आपण सर्वांनी घेतली आहे. ते खरे तर वाफेने फेसाळलेले दूध; वर चॉकलेटची पूड. इटलीतली एस्प्रेसो निराळी. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली तिच्या यंत्राचे पेटंट मागितले. आजच्या यंत्रात गरम पाणी सुमारे ९ बार दाबाने कॉफीच्या पुडीतून ढकलले जाते. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज करावा. असे एक लहान घरगुती यंत्र आखातातून परतलेल्या एका कुटुंबाने मला भेट दिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान वाचताना जागायला लागलेली कॉफी मला अजून सुटलेली नाही, हे भिगवणमध्ये कोणापासून लपलेले नाही.

यंत्राला वाफ सोडण्याचा एक नॉब आहे. नळीतून एखादा थेंब गळे, म्हणून मी रोज तो थोडा अधिक आवळत असे. एके दिवशी पहाटे तो हलेचना. मिस्साची वेळ होत आली होती. मी पकड घेतली आणि जोर लावला. नॉब तडकला, आतला दांडा होता तिथेच राहिला.

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे आपल्या धर्मग्रामातले एक काका आले. यंत्र अजून तापलेलेच होते. त्यांनी प्लग काढला आणि खुर्चीत बसून राहिले. "आधी थंड होऊ द्या, फादर. आत वाफ असताना पाना लावायचा नसतो."

तासाभराने त्यांनी नट सैल करून दांडा बाहेर काढला. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार त्यावर चढला होता. आतली रबरी रिंग माझ्या आवळण्याने चपटी झाली होती, वरचे ग्रीस वाळून गेले होते. दांडा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवला, पुसला, नवी रिंग घातली. स्वतःच्या डब्यातले मोटारीचे ग्रीस मात्र त्यांनी लावू दिले नाही. ते दुधात उतरेल आणि रबरही फुगवेल, म्हणाले. खाण्याच्या यंत्रांना चालणारे सिलिकॉन ग्रीस येईपर्यंत चार दिवस मी चहावर काढले. ते आल्यावर बोटभर लावून सर्व जोडले आणि मला सांगितले, "थेंब थांबला की हात थांबवायचा. जास्त आवळलं की रबर मरतं." नॉब आता दोन बोटांनी फिरतो.

निर्गमाच्या पुस्तकात, सोन्याच्या वासराच्या प्रसंगी, परमेश्वर आपल्या लोकांना ताठ मानेचे म्हणतो. बैल जुवाखाली मान देत नाही तेव्हा काय होते, ते आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. पण मान एका दिवसात ताठत नाही. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, वारंवार केलेल्या कृतींतून सवय घडते. रोज थोडेसे आवळणे, एवढेच पुरते.

हे मी तुम्हाला सांगतो आहे, पण बोलतो आहे स्वतःविषयी. प्रायश्चित्तकाळात दफनभूमीच्या भिंतीवरून एका घराशी माझा वाद झाला. तुमच्यापैकी अनेकांना तो ठाऊक आहे. सभेत मी जे बोललो ते धर्मगुरूने बोलू नये असे होते. त्यानंतर कोणाकडून एखादा शब्द कानावर आला की मी आणखी आवळत गेलो. ती मंडळी दर रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात. मी त्यांना ख्रिस्तशरीर देतो, ते 'आमेन' म्हणतात, आणि आमची नजरानजर होत नाही. वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे प्रभू येशूचे सांगणे मी याच वेदीवरून किती वेळा वाचले असेल!

माझी समजूत होती की काळ जाऊ द्यावा, सारे निवळेल. राग निवळलाही. पण यंत्र त्या दिवशी पूर्ण थंड झाले होते, तरी नॉब फिरला नव्हता. तो उघडावा लागला, आणि क्षार कुठे चढला आहे ते पाहावे लागले.

गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपस्वामींनी माझ्या तळहातांना क्रिझ्मा तेल लावले होते. त्याच हातांत त्या पहाटे पकड होती.

शनिवारी संध्याकाळी पाचपासून मी पापनिवेदनासाठी मंदिरात असेन. आज संध्याकाळी मात्र कार्यालय बंद राहील. मला त्या घरी जायचे आहे. त्यांनी दार उघडले तर भिंतीविषयी काही बोलणार नाही. सभेतल्या माझ्या शब्दांबद्दल क्षमा मागणार आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू