कान सरावत नाही

देवळाली प्रवरा आणि शेजारची राहुरी फॅक्टरी हा उसाचा, साखरेचा मुलूख. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाला, की मिल हाऊस आणि टर्बाइनचा आवाज तिन्ही पाळ्यांत चालूच राहतो. पहिले काही दिवस कान दुखतात, मग सरावतात, असं नव्या माणसाला सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आवाजानं येणाऱ्या बहिरेपणाच्या अभ्यासाचा बराचसा इतिहास हे ‘सरावणं’ म्हणजे नेमकं काय, हे शोधण्यात गेला आहे.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरच्या ग्रंथात, 1713च्या आवृत्तीत, व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिलं: दिवसभर तांबं ठोकून हे लोक म्हातारपणी पार बहिरे होतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत थोडा वेळ उभं राहिलं तरी हे पटतं. पुढे 1886 मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे पाहत शंभर बॉयलर कारागीर तपासले. एकाचाही कान धड निघाला नाही. सरावलेला कान म्हणजे कमी ऐकणारा कान, हे त्याच वेळी सिद्ध झालं होतं. तरी कान सरावतो ही समजूत अजून जिवंत आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

कान आतून बिघडतो कसा, हे मात्र कळलं नव्हतं. आतल्या कानात शंखासारख्या वळलेल्या नळीत आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. आवाजाच्या हादऱ्यानं त्या मोडतात, असं दीर्घकाळ मानलं गेलं. स्फोटासारख्या आवाजापुरतं ते खरंही आहे. पक्ष्यांमध्ये मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या उगवतात, आपल्यात नाही. म्हणजे आवाज झाला, पेशी मोडली, विषय संपला.

तो संपत नाही, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उमगलं. जबर आवाजात पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांवर ताण येतो आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. प्राण्यांवरच्या 2004च्या एका अभ्यासात तर ही निर्मिती आवाज थांबल्यावरही चालू राहिली आणि सात ते दहा दिवसांनी सर्वाधिक झाली. कारखान्यातून घरी आलेला माणूस शांत झोपलेला असतो, तेव्हाही त्याच्या कानात पडझड चालूच असू शकते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी 2018 मध्ये आणखी खोलात पाहिलं. टीएमटीसी4 हे जनुक बिघडवलेले उंदीर आधी नीट ऐकत होते, काही दिवसांतच बहिरे झाले. त्यांच्या रोमपेशींत कॅल्शियमचा तोल गेला होता. तो गेला की आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीत प्रथिनं घडतात त्या भागात, प्रथिनांच्या घड्या चुकतात. पेशी प्रथिनं बनवणं आवरतं घेते आणि दुरुस्तीला लागते. ताण हटला तर ती वाचते, टिकला तर स्वतःच मरणाची वाट धरते. साध्या उंदरांना मोठा आवाज ऐकवल्यावरही हीच यंत्रणा जागी झाली आणि पेशीला जगण्याकडे झुकवणारं इस्रिब हे रसायन दिल्यावर त्यांचं ऐकणं बरंच वाचलं. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनी कान जातात, त्यामागेही पेशीवरचा असाच ताण असू शकतो.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती काळाची. आघात आणि मरण यांच्यामध्ये दिवस आहेत. पण आवाजानं येणाऱ्या बहिरेपणावर मान्यताप्राप्त औषध अजून नाही. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन हे औषध घेणाऱ्या मुलांचे कान जपण्यासाठी सोडियम थायोसल्फेटला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली, एवढंच. आवाजावरचं औषध येईपर्यंत कानाला विसावा देणं आणि आवाज अडवणं हेच हातात आहे. कायद्यानं आवाजामुळे येणारा बहिरेपणा कळवण्यायोग्य व्यवसायजन्य आजारांत धरला आहे. मग हंगामाच्या आधी आणि हंगाम संपल्यावर प्रत्येक कामगाराची श्रवणचाचणी व्हावी, आणि तिचा आलेख त्याच्या स्वतःच्या हाती द्यावा. तो वाचायचा कसा, हेही त्याला समजावून सांगावं.