श्रमाचे मूल्य आणि श्रमाची किंमत

पलूसलगत १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर घडत. ते गावोगाव खपविण्याचे काम काही काळ भाऊराव पाटील यांनी केले. त्यांनीच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रुजविले. शिक्षणविषयक ग्रंथ हे तत्त्व आणि गांधीजींनी १९३७ मध्ये मांडलेली नयी तालीम यांना पुष्कळदा ‘श्रमप्रतिष्ठा’ या एकाच संज्ञेत बसवितात. वस्तुतः दोहोंतील श्रमाचे स्थान भिन्न आहे. स्वावलंबनाचा आग्रह नयी तालीममध्येही आहे. परंतु तेथे हस्तोद्योग हे ज्ञानाचे माध्यम असते. ‘कमवा व शिका’मध्ये श्रम हे प्रामुख्याने ज्ञानापर्यंत पोचण्याचे साधन असते; विद्यार्थी याचक राहत नाही, हा त्याचा नैतिक आशय. हा भेद पुसला, की गरजेलाच मूल्याचे रूप येते. श्रम हे खरोखर शिक्षणमूल्य असेल, तर ऐपतदार विद्यार्थ्यालाही ते अटळ हवे. तसे नसेल, तर गरिबाच्या घामाचा गौरव करणारा ग्रंथ विषमतेवर पांघरूणच घालतो. त्या विद्यार्थ्याच्या स्वाभिमानाचा आदर राखूनही हा प्रश्न ग्रंथाला विचारावाच लागतो.